बापाला नावानं हाक

"व्हॉट डू यू कॉल युवर फादर?"

आठवीचा वर्ग. इंग्रजीचा तास. सर एकेकाला उभं करत होते. प्रश्न इंग्रजीत, उत्तर मराठीत दिलं तरी चालेल म्हणाले. पोरं उठत होती, सांगत होती, बसत होती. नाना. आप्पा. अण्णा. दादा. एकजण 'पप्पा' म्हणाला तर सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा बाप बँकेत होता.

माझा नंबर आला. मी उभी राहिले. प्रश्न मला नीट कळला होता. त्या वर्गात माझ्याइतकं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मी खरं ते सांगितलं.

"दगडू."

वर्ग फुटला. पोरांनी बाकं बडवली. सर लगेच हसले नाहीत. त्यांना वाटलं, मला प्रश्न कळला नसेल. म्हणाले, "अगं, नाव नाही विचारलं. हाक काय मारतेस?"

"दगडूच म्हणते, सर."

"बापाला नावानं? लाज नाही वाटत?"

तेव्हा पहिल्या बाकावरून बाळूभाऊ उठला. "सर, तो आमचा सालदार आहे. त्याला सगळेच दगडू म्हणतात."

"असं होय," सर म्हणाले. आणि मग तेही हसले.

बाळूभाऊचं शाळेतलं नाव प्रमोद. माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गात. मी त्याला भाऊ म्हणायचे आणि बापाला दगडू. यात काही उलटंसुलटं आहे हे मला त्या दिवशी कळलं, चौदाव्या वर्षी, साठ पोरांच्या हसण्यातून. तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही मळ्यात राहायचो. पाचोऱ्याच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला आबांचा मळा होता. केळी, कपाशी, थोडी लिंबं. आबा म्हणजे मालक, बाळूभाऊचे वडील. माझा बाप त्यांच्याकडे सालदार. एका आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दुसऱ्या आखाजीपर्यंत, वर्षभर, एका मालकाचा गडी. असं एकेक करत त्याची कितीतरी वर्षं तिथंच गेली. विहिरीजवळ पत्र्याची खोली होती. मी तिथंच जन्मले, तिथंच बोलायला शिकले.

लेकरू बोलायला ऐकूनच शिकतं. मळ्यात दिवसभर एकच नाव ऐकू यायचं. दगडू, बैल सोड. दगडू, मोटर चालू कर. दगडू, भाऊची सायकल पूस. आबा हाक मारायचे, आबांची बायको मारायची, मुनीम मारायचा. बाळूभाऊला बोलता यायला लागलं तेव्हा तोही ओट्यावरून "दग्गू" म्हणून ओरडायचा आणि घरातली माणसं कौतुकानं हसायची. माझा बाप हातातलं काम टाकून "उनू भाऊ, उनू", आलो आलो, म्हणत त्या चड्डीतल्या पोराकडे धावायचा.

माय त्याला हाकच मारायची नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. "आयकं का?" एवढंच म्हणायची, तेही पाठ फिरवून. म्हणजे बापासाठी दुसरा शब्द माझ्या कानावर आलाच नाही. मीही दगडू म्हणाले. मायनं एकदा त्यावरून मला बदडायला घेतलं होतं म्हणे, तर बापच मधे पडला. "म्हनू दे ना. बठ्ठाच म्हंतस, तिनी म्हनं त काय व्हयनं?" सगळेच म्हणतात, तिनं म्हटलं तर काय बिघडलं, असं. त्याला ते गोड वाटायचं. माझ्या तोंडून आपलं नाव ऐकलं की तो हसायचा. हे लिहिताना मला रडू येतं आणि राग येतो. आधी काय येतं, ते सांगता येत नाही.

'आबा' हा शब्दही मला येत होता. आमच्याकडे कितीतरी घरांत बापाला किंवा आज्याला आबा म्हणतात. माझ्या तोंडात तो शब्द रोज होता. फक्त माणूस दुसरा होता. आमची जात कुणी विचारायचं नाही, त्याची गरजच नव्हती. कोण कुणाला काय हाक मारतं ते दोन मिनिटं उभं राहून ऐकलं की बाहेरच्यालाही सगळं कळायचं.

त्या तासाला सरांना चेव आला होता. फळ्यावर मोठ्या अक्षरात फादर लिहिलं आणि डिक्शनरी उघडून अर्थ सांगायला लागले. फादर म्हणजे बाप. पूर्वजांनाही फादर म्हणतात. चर्चमधला धर्मगुरू असतो, तोही फादर, आपण साधूला महाराज म्हणतो तसं. ख्रिस्ती लोक देवालाही फादर म्हणतात. आणि एखादी गोष्ट ज्यानं पहिल्यांदा सुरू केली, उभी केली, तोही तिचा फादर.

"आता सांगा बरं, आपल्या शाळेचे फादर कोण?"

"आबासाहेब!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मीही ओरडले. संस्था आबांची, शाळेची जमीन आबांची. ऑफिसात त्यांचा फोटो होता.

"फादर हे क्रियापदसुद्धा आहे," सर म्हणाले. मग मुलींच्या बाजूला बघून थांबले आणि त्यांनी फळा पुसून टाकला.

संध्याकाळी बाप पाणी भरून खोलीवर आला. पाय चिखलानं माखलेले. "भाकर खादी का व?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. पुढं काही म्हणायचं होतं, वर्गात काय झालं ते सांगायचं होतं, पण सुरुवात कशी करू? दगडू म्हणवेना. दुसरा शब्द नव्हता. आमच्या गावातली चुलत भावंडं त्यांच्या बापाला 'बा' म्हणायची. मी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. चोरून आणलेल्या वस्तूसारखा वाटला. गिळून टाकला.

त्या दिवसापासून मी बापाला हाक मारणंच बंद केलं. काही सांगायचं असलं की जवळ जायचे, कोपराला हात लावायचे. लांब असला तर खाकरायचे. चार वर्षं असं केलं. बापाला वाटलं, पोरगी मोठी झाली, लाजते. त्यानं कधी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नाही.

दहावीत होते तेव्हा आबांची एकसष्टी झाली. शाळेच्या मैदानात मंडप घातला. भाषण इंग्रजीतून ठेवायचं ठरलं आणि त्यासाठी मला निवडलं. मी हुशार होते म्हणून निवडलं असं मला वाटलं होतं. नंतर मास्तरांच्या खोलीबाहेरून ऐकलं, सालदाराची पोर फाडफाड इंग्रजी बोलते हे पाहुण्यांना दाखवलं तर संस्थेचं नाव होईल.

सरांनी भाषण लिहून दिलं. मी पाठ केलं. यू आर द फादर ऑफ धिस स्कूल. यू आर अ फादर टू ऑल ऑफ अस. केळीच्या ओळींमधून फिरत मी ते मोठमोठ्यानं म्हणायचे. बाप पाणी देता देता थांबून ऐकायचा. त्याला एक शब्द कळत नव्हता. मान मात्र डोलवायचा.

त्या दिवशी बापानं धुतलेला पायजमा घातला होता. त्याच्या हातात हारांचं तबक दिलं होतं. माय मंडपाच्या मागं, वरण-बट्टीच्या स्वयंपाकात. मी स्टेजवर गेले आणि एकही शब्द न अडखळता सगळं म्हटलं. टाळ्या पडल्या. शेवटची टाळी संपायच्या आत आबांनी माइक ओढून घेतला.

"ही पोर कोणाची माहीत आहे का तुम्हाला? आमच्या दगडूची. पण दगडू आपला नावाला. हिचा खरा बाप मीच!"

लोक हसले. मागच्या खुर्च्यांवरून एक शिट्टी आली आणि हसण्याचा सूर बदलला. तो सूर कसला ते मंडपातल्या प्रत्येक बाईला कळलं. मलाही कळलं. आबांनाही कळलं असणार, कारण तेही त्याच सुरात हसले. मग बाजूला वळून म्हणाले, "काय रे दगडू, खोटं बोलतो का मी?"

बापाच्या दोन्ही हातांत तबक. हात जोडता येईनात. म्हणून त्यानं मानच खाली घातली, हारांना कपाळ लागेपर्यंत.

"नही आबा. तुमनीच आंडेर शे."

तुमचीच मुलगी आहे, म्हणाला. पुन्हा टाळ्या. मंडपाच्या कनातीपाशी माय आली होती, हाताला पीठ तसंच. तिनं ऐकलं आणि ती मागं वळली. त्या दिवशी तिनं बट्ट्या वाढल्या, पातेली घासली, पण एक घास खाल्ला नाही. बापाशी आठ दिवस बोलली नाही. बाप बिचारा विचारत राहिला, मी काय वाईट बोललो?

आणि मी? माइक पुन्हा माझ्यापुढं आला. टाळ्यांनंतर काय म्हणायचं ते सरांनी लिहून दिलेलं होतं. ते मी म्हटलं. थँक्यू, म्हटलं. तेवढं मी स्वतःला आजपर्यंत माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कपाटातून डिक्शनरी मागून घेतली. सरांनी पुसून टाकलेलं क्रियापद शोधलं. जन्मास घालणे. पितृत्व मान्य करणे. त्याच्या खाली आणखी एक अर्थ होता: एखाद्याच्या माथी पितृत्व मारणे. मी ते कितीदा तरी वाचलं. बाप कोण हे सांगायचा हक्कही माणसं उचलून नेऊ शकतात आणि त्यासाठी पुस्तकात शब्द आहे, हे मला माहीत नव्हतं. कळूनही मी काही केलं नाही. काय करणार होते? खोली आबांची, शाळा आबांची. माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पालकाची सही आबांची. बापाला सही येत नव्हती आणि त्याच्या अंगठ्यानं शाळेचं पुस्तक खराब होतं, असं मुनीम म्हणायचा.

बारावी झाली. जळगावला डी.एड.ला माझा नंबर लागला. आबांना जळगावात काम होतं. "जीपमधून चल," म्हणाले, "सहीला मी लागेनच." आबा पुढं, मी मागं, बाप माझ्या ट्रंकेशेजारी खाली बसलेला.

ऑफिसात आबांना खुर्ची मिळाली. मी उभी. क्लार्क अर्ज तपासत होता.

"पालक कोण?"

"मी." आबांनी खिशातलं पेन काढलंही होतं.

"नातं काय लिहू?"

"वडील लिहा."

क्लार्कनं अर्ज वर केला. "वडिलांचं नाव तर इथं दुसरं आहे."

"तो आहे, पण असून नसल्यासारखा. अंगठेबहाद्दर. लिहा तुम्ही, काही होत नाही."

खिडकीतून बाप दिसत होता. कडुलिंबाच्या झाडाखाली जीप उभी होती आणि तो फडक्यानं तिची काच पुसत होता. त्याला कुणी पुसायला सांगितलं नव्हतं.

"नको," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आबा वळले. "काय म्हणालीस?"

"वडील बाहेर उभे आहेत. त्यांचा अंगठा घ्या."

खिडकीशी गेले आणि चार वर्षं गिळून ठेवलेला शब्द बाहेर काढला.

"बा!"

त्यानं वर पाहिलं नाही. मी पुन्हा ओरडले, बा! झाडाखाली एक म्हातारा आपल्या पोरीला घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली. माझ्या बापानंही त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याच्याच पोरीनं म्हाताऱ्याला हाक मारली. आणि पुन्हा काच पुसायला लागला. मी तिसऱ्यांदा हाक मारली. माझ्या मागं आबा हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात.

मग मी ओरडले, "दगडू!"

हातातलं फडकं टाकून तो धावत आला.

'नको' म्हणाल्याची गोष्ट मी पुढं कितीतरी जणांना सांगितली. लोक शाबासकी देतात. हा मधला भाग मी दरवेळी गाळत आले. आज गाळत नाही.

चपला बाहेर काढून बाप आत आला. आबांना पाहून भिंतीला टेकला. क्लार्क म्हणाला, "अंगठा द्या."

"आबा शेतस ना," बाप म्हणाला. "त्या करतीन सही."

मी त्याचा हात धरला. त्यानं मूठ वळली. माझ्याशी झोंबला म्हटलं तरी चालेल. आबांकडे बघत होता, परवानगीसाठी. आबांनी पेन परत खिशात खोचलं. शेवटी मी त्याची मूठ उघडली आणि क्लार्कनं अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. केळीच्या चिकानं अंगठा आधीच काळा होता. त्यावर शाई दिसेना. कागदावर नुसता डाग उमटला, रेषा नाहीत. क्लार्कनं पुसून दुसऱ्यांदा घेतला.

आबा उठले. "चल रे दगडू."

आणि बाप गेला. माझी ट्रंक फाटकाशी उतरवून ठेवली आणि जीपमध्ये मागं चढून बसला. वळूनही पाहिलं नाही. जळगावातच, पिंप्राळ्यात, एका बाईकडे मी खोली घेतली. दोन वर्षं तिच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन राहिले.

पुढची आखाजी आली. आखाजीला आमच्याकडे घरोघर पितरांची घागर भरतात. मेलेल्या बापाच्या, आज्याच्या नावानं पाणी ठेवतात, आंब्याचा रस, पुरणपोळीचं जेवण दाखवतात. सालदाराचं वर्षही त्याच दिवशी संपतं. आबांच्या घरी त्यांच्या बापाची घागर पुजली गेली आणि तिकडं ओट्याखाली मुनीमानं माझ्या जिवंत बापाला सांगितलं, यंदा दुसरा गडी पाहिला आहे. दुपारी पत्र्याची खोली रिकामी करून घेतली. गावात दुसऱ्या कुणी ठेवलं नाही. आबांनी सोडलेला गडी कोण ठेवणार? पन्नाशी उलटलेला माणूस रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला गेला. माय बरोबर गेली. दोन वर्षांनी तिकडंच आजारानं वारली.

बाप मला एवढंच म्हणाला, "काय करी टाकं व तू?" रागावून नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. एका अंगठ्यासाठी मी त्याची खोली घालवली, आणि तो अंगठाही त्यानं राजीखुशीनं दिलेला नव्हता.

मग धुळ्याला नोकरी लागली. दोन खोल्या घेतल्या. बापाला आणलं. मी त्याला बा म्हणते. अजूनही तो लगेच ओ देत नाही. जरा थांबतो, इकडंतिकडं बघतो, मग म्हणतो, "माले म्हनी का?" शाळेत मी इंग्रजी शिकवते. फादर हा शब्द दरवर्षी येतो. तुमच्या बापाला काय म्हणता, असं मी कुठल्याच पोराला उभं करून विचारत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी बा खाटेवर बसून शेंगा फोडत होता. मी शेजारी वह्या तपासत होते. बाहेर गाडी थांबली.

"दगडू! ए दगडू, आहे का रे घरात?"

आवाज मी ओळखला. बानं तर त्याआधीच ओळखला होता. शेंगांचं ताट बाजूला सारून त्यानं गुडघ्यावर हात टेकले. बा म्हटलं की दोनदा म्हणावं लागतं. या हाकेला त्याला एकदाच पुरलं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. "बा, बस."

"बाळूभाऊ उनात ना. माले उठू दे व."

"बस म्हणते ना."

दारात बाळूभाऊ. आबा वर्षापूर्वी गेले, हे मला कळलं होतं. त्याच्या हातात छापलेली पत्रिका होती. शाळेत आबांचा पुतळा बसतोय, तुझं भाषण ठेवलंय, म्हणाला. पत्रिकेत माझं नाव आधीच छापलेलं. "आबा तुला बापाच्या जागी होते. तू बोलली तर शोभेल. आणि दगडूलाही आण. हाराचं तबक धरायला जुना माणूस बरा दिसतो."

मी त्याला आयुष्यभर भाऊ म्हणत आले होते. त्या दिवशी म्हटलं नाही.

"प्रमोद," मी म्हणाले, "आत ये. पण आधी यांना नमस्कार कर. हे माझे वडील आहेत."

नावानं हाक मारल्यावर त्याचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. मग तो हसला. "दगडूला नमस्कार?"

"काका म्हण, नाही तर दगडूभाऊ म्हण. नसेल जमत तर पत्रिका घेऊन जा. भाषण मी करणार नाही. माझे वडील इथं बसले आहेत, त्यांच्या जागी कुणी नव्हतं."

त्यानं बाच्याकडे पाहिलं, तो काही बोलेल, मला दटावेल म्हणून. बाचे ओठ हलत होते. मग प्रमोदनं पत्रिका उंबऱ्यावर टाकली आणि गेला.

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. तरी माझ्या हाताखाली म्हाताऱ्याचा खांदा वर येत होता. "उठू दे व," बा म्हणत होता, "बलावं ना त्यास्नी." बोलावलं ना त्यांनी, एवढंच. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझ्यामुळं आलं होतं, हे मला कळत होतं. तरी मी हात काढला नाही. रडू दे त्याला. माझ्यावर चिडू दे. मी आहे तोवर माझा बाप त्या हाकेला उठणार नाही.